अंगठ्याखालचा ठिपका

व्हिसाच्या खिडकीवरल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "इटलीला पहिल्यांदाच जाताय ना?" आणि मी म्हणालो, "नाही." उत्तर इतकं चटकन आणि इतकं स्वच्छ आलं की शेजारी उभी असलेली माझी लेक वळून माझ्याकडे बघायला लागली. खिडकीवालीनं माझा पासपोर्ट पुन्हा चाळला. सगळी पानं कोरी. बहात्तर वर्षांच्या माणसाचा पासपोर्ट, शाळेच्या पहिल्या दिवसाच्या वहीसारखा. "मग आधी कधी गेला होतात?" तिनं विचारलं, आणि आता मात्र तिनं नीट वर पाहिलं. काय सांगणार होतो तिला? मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेदहा ते साडेअकरा, सत्तावीस वर्षं जात होतो म्हणून? कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "म्हणजे हो," मी म्हणालो, "पहिल्यांदाच." तिला कसला राग आला नाही, उलट ती जराशी हसली आणि तिनं आमच्या प्रवासाच्या आराखड्याचा कागद पुढ्यात ओढला. तो मी स्वतः, सुवाच्य अक्षरात, तीन दिवस बसून केला होता. तिचं पेन एकेका गावावरून खाली येत गेलं आणि मध्येच थांबलं. रावेन्ना, पडुआ, फ्लॉरेन्स, सिएना, परत फ्लॉरेन्स, मग रोम, पुन्हा फ्लॉरेन्स, आणि शेवटी व्हेनिस. "काका, असं कोणी फिरत नाही हो," ती म्हणाली. कागद तिनं अलगद माझ्याकडे सरकवला आणि गुरुवारी सरळ आराखडा घेऊन या, बाकी सगळं ठीक आहे, असं सांगून पुढच्या माणसाला बोलावलं. त्या मुलीचं भलं होवो. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर त्या 'नाही'वरूनच मला घरी पाठवलं असतं.

बाहेरच्या पायऱ्यांवर बसून लेक हसत सुटली. दहा दिवसांची रजा तिनं वर्षभर साठवली होती, तिकिटं तिनंच काढली होती आणि मी फक्त एवढंच म्हटलं होतं की कुठं कुठं जायचं ते मी ठरवतो, त्यातलं मला कळतं. तिनं विश्वासानं माझ्यावर सोडलं आणि मी हे दिवे लावले. "बाबा, एकाच गावात तीनदा? काही विसरून यायचा बेत आहे का तिथं?" मी तिला म्हटलं, चुकलं बुवा, वय झालं. ते खरं नव्हतं. मी चुकून काही लिहिलं नव्हतं. तो चाकाचा क्रम होता. प्रोजेक्टरच्या गोल चाकात चित्रांसाठी ऐंशी खाचा असतात आणि माझ्या मनात इटली त्या ऐंशी खाचांमध्ये बसलेली आहे. एक ते अकरा रावेन्ना, बारा ते एकोणीस पडुआ, वीसपासून फ्लॉरेन्स, आणि असं करत करत ऐंशीला व्हेनिसचा एक छोटा पूल. रावेन्नाहून पडुआला जायला किती वेळ लागतो असं मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, चाकाच्या एका खट्ट एवढा. गावांच्या मध्ये रस्ते असतात, स्टेशनं असतात, तिथं थांबून काहीतरी खावं लागतं, हे आराखडा करताना माझ्या डोक्यातच आलं नाही. घरी गेल्यावर हिला सगळी हकीकत कळली तेव्हा तीही पोट धरून हसली. गुडघ्यांमुळे ही येणार नाही. "मला कशाला न्यायचं," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "रोज जेवताना तुम्ही मला तिथंच तर नेत होतात. माझं पाहून झालंय." असं बायकोनं म्हणावं आणि वर मनापासून म्हणावं, याहून माणसाला जास्त काय पाहिजे.

मी मूळचा वायरमन. कलामहाविद्यालयात दुरुस्तीच्या कामावर लागलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि व्याख्यानाच्या दालनातला पंखा आवाज करतो म्हणून शिडी घेऊन तिथं गेलो होतो. खाली बाई प्रोजेक्टरशी झगडत होत्या. दिवा लागत नव्हता. मी वरूनच म्हणालो, दिवा चांगला आहे, पिन सैल झालीय. उतरून पिन घट्ट केली आणि भिंतीवर एकदम सोन्याचा घुमट उगवला. त्या दिवसापासून पंखा राहिला बाजूला आणि मी प्रोजेक्टरचा झालो. बाई कलेचा इतिहास शिकवायच्या. त्या पडद्याशेजारी उभ्या राहायच्या, मी साठ मुलांच्या मागे, यंत्रापाशी. त्यांच्या हातात लांब काठी असायची. काठीची एक टकटक म्हणजे पुढे, दोन म्हणजे मागे. सत्तावीस वर्षांत 'पुढची दाखवा' असे शब्द त्यांना उच्चारावे लागले नाहीत. दिवे मालवायचं काम माझं म्हणून मुलं मला अंधारकाका म्हणायची. जिन्यात, रस्त्यात, पुढे कुठं बाजारात भेटली तरी, आपल्या बायकोमुलांदेखत, "अंधारकाका!" मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. अंधार असल्याशिवाय त्यांना काही दिसलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. अजूनही कुठं तापलेल्या दिव्यावरल्या धुळीचा वास आला की माझ्या पाठीचा कणा सरळ होतो आणि मी कोणाच्या तरी काठीची वाट बघायला लागतो.

तास सुरू व्हायच्या आधी रिकाम्या दालनात मी चित्र स्पष्ट करून घ्यायचो, आणि पहिल्याच आठवड्यात बाईंनी मला मागून विचारलं, काय दिसतंय? मी म्हटलं, देऊळ आहे त्यांचं, माणसं आहेत. त्या म्हणाल्या, ते सगळ्यांनाच दिसतं, तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. असं मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. नववीपर्यंत शिकलेल्या माणसाला लोक दिवा लागतो का, एवढंच विचारतात. मी बराच वेळ बघत राहिलो आणि म्हणालो, "बाई, यात दिवा कुठाय ते कळत नाही. उजेड पडलाय, पण येतोय कुठून?" तासाला उभ्या राहिल्यावर बाईंनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं, की आज आपल्या वायरमननी एक प्रश्न विचारलाय आणि वर्षभर आपण तोच विचारणार आहोत, उजेड येतोय कुठून. साठ माना मागे वळल्या. मी अंधारात होतो म्हणून बरं, माझे डोळे भरून आले होते. दुसऱ्या कोणी तो प्रश्न स्वतःच्या नावावर खपवला असता आणि मला ते समजलंही नसतं. पुढे दरवर्षी, नव्या तुकडीला, पहिल्या तासाला, त्या हेच सांगत आल्या. आज माझ्यात जे काही थोडं पाहण्यासारखं आहे ते बाईंनी घातलेलं आहे. आईबापांनी डोळे दिले, हे खरं, पण ते उघडायचं काम राहून गेलं होतं.

म्हणूनच ती ऐंशी नंबरची स्लाइड माझ्या मनात इतकी वर्षं कुसळासारखी रुतून बसली आहे. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा बोटभर तुकडा. त्या चौकटीच्या कोपऱ्यात एक ठिपका काढलेला असतो. चाकात भरताना ठिपका अंगठ्याखाली धरला की झालं, डोळे मिटून भरा, चित्र पडद्यावर सुलटच येणार. माझ्या नोकरीच्या आठव्या की नवव्या वर्षी दमट हवेनं काही चौकटी फुगल्या आणि चाकात अडकायला लागल्या. मी सगळ्याच फिल्म सोडवून नव्या पुठ्ठ्यात बसवल्या आणि नवे ठिपके काढले. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे धरून ठिपका काढायचा, एवढा साधा नियम. एकोणऐंशी वेळा मी तो पाळला. ऐंशीव्या वेळी काय झालं देव जाणे, बहुतेक तेव्हाच कोणीतरी फ्यूज गेला म्हणून हाक मारली असावी. मी मंद बाजू धरून ठिपका काढला. त्या दिवसापासून व्हेनिसचा तो पूल पडद्यावर आरशात दिसावा तसा उलटा पडायला लागला, आणि कोणालाच काही कळलं नाही. कळणार तरी कसं? त्यात एक अरुंद कालवा, दोन्ही बाजूंना उंच घरं, मध्ये पूल आणि पुलावर पाठीवर बोजा घेतलेला एक माणूस. पाटी नाही, घड्याळ नाही. रजिस्टरमध्येसुद्धा नुसतं 'व्हेनिस, लहान कालवा' असं लिहिलेलं.

आणि त्या उलट्या चित्रावर बाईंचा सगळ्यात सुंदर तास उभा राहिला. वर्षाचा शेवटचा तास. उजेड डावीकडून येतोय, त्या म्हणायच्या, चौकटीच्या बाहेरून, जिथं आपल्याला बघता येत नाही तिथून. आपली नजर वाचताना डावीकडून उजवीकडे जाते आणि हा माणूसही तिकडेच चाललाय, उजेडाकडे पाठ करून, सावलीत. आपण त्याच्या मागे मागे जातो आणि त्याला गाठू शकत नाही. मग काठी खाली ठेवून त्या म्हणायच्या, तुम्हीही आता असेच चाललात. मागच्या बाकावर हुंदके यायचे. चांगली दाढीमिशा फुटलेली पोरं नाक ओढायची आणि मी दिवे लावायला मुद्दाम उशीर करायचो. बारा वर्षं असे तास झाले. मग एका सुट्टीत मी स्लाइडी पुसत होतो आणि ऐंशी नंबरची, ठिपका अंगठ्याखाली ठेवून, उजेडात तिरकी धरली तर मंद बाजू माझ्याकडे. हातातलं फडकं खाली पडलं. चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरली असती, पण दुरुस्त करून दाखवली असती तर भर वर्गात बाई म्हणाल्या असत्या उजेड डावीकडून, आणि पडद्यावर तो उजवीकडून आला असता. आधी सांगावं तर बारा वर्षांच्या तासांवर पाणी पडणार. मी स्लाइड पुन्हा चाकात ठेवली, जाणूनबुजून, चुकीच्या ठिपक्यावर अंगठा ठेवून. बाई निवृत्त होईपर्यंत सात वर्षं ठेवत राहिलो. उजेड कुठून येतो, हा प्रश्न माझा, आणि त्याचं उत्तर उलटं करणाराही मीच.

बाई स्वतः इटलीला कधी गेल्या नाहीत. दोनदा जायचं ठरलं होतं. एकदा त्यांच्या आईंनी अंथरूण धरलं. दुसऱ्यांदा कागदपत्रं वर गेली आणि त्यांच्याऐवजी प्राचार्य जाऊन आले. त्यांनी आणलेले फोटो आम्ही दालनात पाहिले, दर फोटोत इमारतीपुढे प्राचार्यांचं पोट. बाईंनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा फार राग आला होता, तर बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, अहो, कडेकडेनं बरंच दिसलं की. आता बाई एकोणऐंशीच्या आहेत, भाचीकडे राहतात, आणि त्यांच्या डोळ्यांतलं मधलं दिसणं गेलं आहे. समोर धरलं तर काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. आपल्याशी बोलताना त्या मान वळवून खिडकीकडे बघतात आणि ते बघणं आपल्यासाठी असतं, हे समजायला मला दोन भेटी लागल्या. आता आराखड्यातून काय गाळायचं, हे त्यांच्याशिवाय कोणाला विचारणार? दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. घड्याळात न बघता निघालो तरी त्यांच्या दाराशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते.

भाचीनं दार उघडलं आणि ती आत चहा ठेवायला गेली. मी खिडकीवालीची गोष्ट सांगितली, तेव्हा बाई खुर्चीच्या हातावर थापा मारत हसल्या. "फ्लॉरेन्स तीनदा! अहो, तो क्रम काही इटलीचा नव्हे, परीक्षेचा होता. तुमची लेक म्हणते तसं जा. गाडी नेईल तसं जा." रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, बस्स. बाकीची गावं गाळताना मला जीव तुटल्यासारखं झालं, पण त्या एकेक नाव घेऊन सहज सोडत गेल्या, घरातली जुनी भांडी कोणाला देऊन टाकावीत तशा. पलीकडच्या गच्चीवर कोणीतरी गालिचा झटकत होतं, त्याचा धप धप आवाज येत होता. "एक मात्र माझ्यासाठी करा," बाई म्हणाल्या. "तो ऐंशी नंबरचा पूल शोधा. पुलावर उभं राहा आणि डावीकडे बघा. तो उजेड कुठून येतो ते मला सांगा. चौक आहे, की नुसती दोन घरांमधली फट आहे? इतकी वर्षं मी मुलांना सांगत आले की चौकटीबाहेर काहीतरी आहे, आणि मला स्वतःला काहीच माहीत नाही. आता मला कडाच तेवढ्या दिसतात, तर वाटतं, त्या कडेपलीकडचं कळून जावं." आणि त्या खुणा सांगायला लागल्या, म्हणजे मला तो पूल सापडावा. पुलाच्या पायऱ्या उजवीकडे उतरतात, डावीकडच्या घराला लोखंडी कठडा आहे, घाट डाव्या हाताला. एकेक खूण बिनचूक, आणि एकूण एक उलटी.

व्हेनिसमध्ये चारशे पूल आहेत, असं लेकीनं सांगितलं होतं. या खुणा घेऊन मी चारशेच्या चारशे पूल पालथे घातले असते तरी तो सापडला नसता. आणि मला अगदी सोपं होतं की. हो म्हणायचं, जाऊन यायचं, आणि सांगायचं, चौक आहे बाई, मोठा चौक आहे, कबुतरं आहेत. त्यांना कधीही कळलं नसतं. ज्यांनी माझा एक प्रश्न सत्तावीस वर्षं माझ्या नावानं सांगितला त्यांना मी एक खोटा चौक आणून दिला असता. मी चहाचा कप खाली ठेवला. गेलं तर जाऊ दे, मला वाटलं, त्यांचा तास गेला, माझ्यावरचा विश्वास गेला, तरी हरकत नाही. "डावीकडे काही नाही, बाई," मी म्हणालो. "उजेड उजवीकडून येतो. ती स्लाइड उलटी होती. ठिपका मी चुकीचा काढला होता."

गालिचा झटकणं थांबलं होतं. बाईंनी मान वळवली नाही. खालच्या, अगदी वर्गातल्या आवाजात त्यांनी विचारलं, मंद बाजू तुमच्याकडे होती का? मी हो म्हटलं. कधी कळलं? तुम्ही निवृत्त व्हायच्या आधी सात वर्षं. मग का नाही सांगितलं, हे त्यांनी विचारलंच नाही, तरी मी सांगून टाकलं, तुमचा तास मोडला असता, बाई, तो मला मोडवला नाही. बहात्तराव्या वर्षी माणूस गृहपाठ न केलेल्या पोरासारखा बसतो तेव्हा हातांचं काय करावं ते कळत नाही. बाईंची बोटं खुर्चीच्या लाकडी हातावर पडलेली होती. ती हलली. टक, टक.

दोन म्हणजे मागे. मी ताठ बसलो. उजव्या हाताचा अंगठा आपोआप आत वळला. "ऐंशी," मी म्हणालो, आणि डोळे मिटून ते चित्र सुलट करून सांगायला लागलो. पायऱ्या डावीकडे उतरतात. लोखंडी कठडा उजवीकडच्या घराला. उजेड उजवीकडून, चौकटीच्या बाहेरून. माणूस उजवीकडून डावीकडे निघालाय. मी एकेक सांगत होतो आणि बाई खिडकीकडे बघत, म्हणजे माझ्याकडे बघत, मान हलवत होत्या. सगळं सांगून झालं. मग त्या एकदम म्हणाल्या, "थांबा. म्हणजे आपली नजर डावीकडून आत शिरते आणि तो समोरून येतो."

"हो, बाई."

"म्हणजे तो निघून जात नाहीये हो. तो येतोय. आपल्याला भेटायला येतोय. आणि उजेड आणतोय पाठीमागून." त्यांना हसू आलं, आणि त्या डोळे पुसत हसतच राहिल्या. "मी दरवर्षी साठ पोरांना उगीच रडवलं." मी म्हटलं, मीच रडवलं, बाई. त्या म्हणाल्या, दोघांनी मिळून रडवलं. भाची चहाचे कप न्यायला आली आणि आमची ती अवस्था बघून तशीच परत गेली. मग बाईंनी तास घेतला. शेवटचा तास, नव्यानं, सुलट, त्या छोट्या खोलीत, एका विद्यार्थ्यासाठी, आणि मी शपथेवर सांगतो, आधीच्या कुठल्याही तासापेक्षा तो सुंदर होता. काठी नव्हती म्हणून त्या बोटानं हवेत दाखवत होत्या आणि मला सगळं दिसत होतं. इतकं देणं देणारं माणूस एका पंख्याच्या कुरकुरीमुळे आपल्याला भेटलं. मी तसं त्यांना सांगितलंही. पंखा नंतर दुरुस्त केलात का, त्यांनी विचारलं. नव्हता केला.

साडेअकरा होत आले. तास संपला होता. ऐंशीच्या पुढे चाकात काही नसतं, पुढे गेलं तर पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडतो आणि सगळे डोळे चोळतात. म्हणून ऐंशीनंतर बाईंनी आजवर कधी काठी वाजवली नव्हती, त्या नुसती मान डोलवायच्या आणि मी दिवे लावायचो. मी उठलो. पिशवीतून सरळ केलेला आराखडा काढला, शेवटी व्हेनिस लिहिलं होतं तिथं पुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'पूल, उजवीकडे', आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवला. येतो, बाई, मी म्हटलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि खुर्चीच्या हातावर एकदाच बोट वाजवलं. टक.

मी पुढे निघालो.